हळद, मिरी, सुंठ आणि आवळा एकत्र घेतल्याने शरीरातील दाह व ऑक्सिडेटिव्ह ताण खरोखर कमी होतो का? प्रमाण किती असावे?

दोन ओळींतही उत्तर देता आले असते; परंतु आपल्या प्रश्नाखालचे "सगळ्या घरातल्याच वस्तू आहेत, अपाय होण्याचे कारण नाही" हे वाक्य मी माझ्या थोरल्या बंधूंच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे, की सविस्तर लिहिल्यावाचून राहवत नाही.

मी नागपुरात एकतीस वर्षे औषधांचे दुकान चालवले. दादांच्या हृदयात कृत्रिम झडप असल्यामुळे त्यांना वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी रोज घ्यावी लागते आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा; तो जितका अधिक तितका रक्तस्रावाचा धोका अधिक) अडीच ते साडेतीनच्या दरम्यान राखावा लागतो. दोन वर्षांपूर्वी गुडघेदुखीसाठी त्यांनी इतवारीतून सुंठ, मिरी व आवळकाठी आणली, करक्युमिन (हळदीतले पिवळे द्रव्य) अधिक असते म्हणून वर्धा जिल्ह्यातील वायगावची हळद मुद्दाम मागवली आणि भुकटी करून सकाळ-संध्याकाळ घेऊ लागले. वर करक्युमिन व पायपरिन (मिरीतले तिखट द्रव्य) यांच्या कॅप्सूलही सुरू केल्या. धाकटा भाऊ औषधविक्रेता असूनही मला कोणी विचारले नाही. एप्रिलमध्ये हिरड्यांतून रक्त येऊ लागले, दंडावर काळेनिळे डाग उमटले. वहिनींनी ऊन बाधले असे ठरवून सब्जाचे पाणी दिले. अखेर तपासणी केली तेव्हा आयएनआर ५.८ निघाला.

करक्युमिन एकटे घेतले तर आतड्याची भिंत व यकृत त्याचे रूपांतर करून त्याला बाहेरची वाट दाखवतात, त्यामुळे रक्तात ते जवळपास पोहोचतच नाही. मिरीतील पायपरिन हे रूपांतर घडवणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) अडवते. बंगळूरुच्या संशोधकांनी १९९८ साली २ ग्रॅम करक्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरिन दिले, तेव्हा करक्युमिनची रक्तातील उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढली. जाहिरातीत हा आकडा ठळक छापतात. मात्र हळदीत करक्युमिन साधारण तीन टक्के धरले, तर २ ग्रॅमसाठी साठ-सत्तर ग्रॅम हळद लागेल, हे कोणी छापत नाही. शिवाय पायपरिन केवळ हळदीसाठी दार उघडते असे नाही. फेनिटॉइन (फिट्सवरचे), प्रोप्रॅनोलॉल (रक्तदाबावरचे), थिओफिलिन (दम्यावरचे) या औषधांचीही रक्तातील पातळी ते वाढवते.

ऑक्सिडेटिव्ह ताणाविषयी, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंच्या अतिरेकाविषयी, माझे मत याहून परखड आहे. अँटिऑक्सिडंट, म्हणजे अशा रेणूंना आवरणारी द्रव्ये, जितके अधिक तितके चांगले, ही समजूत चुकीची आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन दिले असता फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढल्याचे १९९४ मध्येच प्रसिद्ध झाले आहे. तेही गाजरात असणारेच द्रव्य.

स्वयंपाकातील हळद-मिरीला माझा आक्षेप नाही, आणि गुडघ्याच्या संधिवातात करक्युमिनने वेदना काही प्रमाणात कमी झाल्याचे छोट्या चाचण्यांत दिसले आहे, हेही नमूद केले पाहिजे. मात्र अशा कॅप्सूलमुळे काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे प्रमाण मी सांगणार नाही, आपल्या चालू गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांनाच विचारावे. दादांच्या बाबतीतही भुकटी की कॅप्सूल, नेमके कारण कोणते, हे डॉक्टरांनी ठामपणे सांगितले नव्हते. दोन्ही बंद करायला लावून गोळीची मात्रा मात्र तीच ठेवली.

दादा आजही म्हणतात, की आयएनआर उन्हाने वाढला होता. मे महिन्यात नागपूरचे ऊन एप्रिलपेक्षा कडक असते, आणि त्याच मे महिन्यात त्यांचा आयएनआर २.९ वर आला.