आधी हापशावर जा

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

झांबियाला जायचं नक्की झालं, पूर्व प्रांतातल्या चिपाटा शहराच्या पुढच्या एका खेड्यात दोन वर्षं स्वयंसेवक म्हणून राहायचं आहे, तिथे गेल्या गेल्या काय करू, असं तू विचारलंस. काम तुझ्या कागदांत लिहिलेलं असेलच. मी सांगणार ते राहण्याबद्दल. त्याच पूर्व प्रांतात पाण्याच्या कामावर मी दोन वर्षं काढली, आणि त्यातलं पहिलं बरंचसं वाया घालवलं.

पहिल्याच सकाळी बादली घेऊन स्वतः पाण्याला जा. गावातला पंप बहुधा इंडिया मार्क २ असेल. दांडा हातात धरलास की ओळख पटेल, कारण हा आपलाच हापसा. जालना आणि सोलापूरकडे १९६०-७०च्या दशकांत जे पंप घडले, त्यांच्यातूनच पुढे युनिसेफच्या मदतीनं हा तयार झाला. इतक्या दूर त्याच्याभोवती घागरींऐवजी पिवळे डबे आणि बादल्या रांगेला लागलेल्या बघून माझा ऊर भरून आला होता.

रांगेत गेल्यावर आधी विचारपूस. सकाळी 'म्वाउका ब्वांजी?', म्हणजे कशा उठलात? उत्तर ऐकायचं, त्यांनी विचारलं की आपलं सांगायचं, आणि मगच दुसरं बोलायचं. दुपारनंतर 'म्वास्वेरा ब्वांजी?', दिवस कसा गेला? वडीलधाऱ्यांपुढे गुडघे जरा वाकवून तळहातांनी हलकी टाळी देतात. काही देता-घेताना उजवा हात पुढे आणि त्याला डाव्याचा आधार, आपण तीर्थ घेताना धरतो तसा. कुणाच्या अंगणात जाताना बाहेरूनच 'ओडी!' अशी हाक दे आणि आतून बोलावणं येईपर्यंत थांब. कमरेला चितेंगे गुंडाळ. हे दोन मीटरचं कापड अंगावर, डोक्यावरच्या ओझ्याखाली, पाठीवर मूल बांधायला, सगळीकडे चालतं.

तुला 'म्वेन्ये' म्हणतील, म्हणजे भारतीय माणूस. चिपाटातल्या बऱ्याच दुकानांचे मालक गुजराती वंशाचे आहेत, त्यामुळे तूही काही विकायलाच आलीस असं सुरुवातीला वाटेल. वाईट वाटून घेऊ नकोस. रोज रांगेत दिसलीस की ते आपोआप मागे पडतं.

जेवण म्हणजे न्शिमा. पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड म्हण. उजव्या हातानं गोळा करायचा, अंगठ्यानं खळगा पाडायचा आणि त्यात भाजी उचलायची. भोपळ्याच्या पाल्याची चिब्वाब्वा शेंगदाण्याचं कूट घालून करतात. पहिला घास घेतला आणि मला आईचं स्वयंपाकघर आठवलं. मांस-मासे खात नसशील तर पहिल्याच दिवशी स्पष्ट सांग, नाहीतर तुझ्यासाठी कोंबडी कापली जाईल आणि मग नाही म्हणणं फार जड जाईल. आणि जानेवारी-फेब्रुवारीत कुणाकडे जेवायला बसलीस तर हात आखडता घे. जुना मका संपलेला असतो, नवा एप्रिलशिवाय घरात येत नाही. तेव्हाही ताट तुझ्यापुढेच सरकवतील, आणि घरातली बाई आपण आधीच जेवलो असं सांगेल.

मच्छरदाणीशिवाय एकही रात्र झोपू नकोस, गोळ्या चुकवू नकोस, साचलेल्या पाण्यात पाय घालू नकोस. यावर वाद नको.

आता जे सांगायला बसले ते. माझ्या तिसऱ्या महिन्यात आमच्या हापशाचे वायसर गेले. मी चिपाटाला जाऊन स्वतःच्या पैशांनी ते आणले, आमच्या गाडीतून माणूस आणला, संध्याकाळी पाणी सुरू. बाया गायल्या, नाचल्या. मला वाटलं, याचसाठी आले होते. पंपासाठी घरटी वर्गणी गोळा करणारी गावाची पाणी समिती होती. ती त्यानंतर हळूहळू थांबली. म्वेन्ये आहे ना. सात महिन्यांनी साखळी तुटली तेव्हा मी मलेरियानं राजधानीत, लुसाकाला पडून होते. गाव माझी वाट बघत राहिलं. अकरा दिवस बायांनी ओढ्यातल्या वाळूत खड्डे करून पाणी भरलं. परतले तेव्हा शेजारच्या घरातलं तान्हं मूल जुलाबांनी सुकून गेलं होतं. ते वाचलं. मी मात्र ते दिवस विसरू शकलेले नाही.

पंप मेंडर, म्हणजे अशा पंपांच्या दुरुस्तीचं शिक्षण घेतलेला माणूस, सायकलच्या अंतरावर, दुसऱ्याच गावात राहत होता. पान्ह्यांसकट. मी पहिल्या वेळी त्याच्याबद्दल कुणाला विचारलंच नव्हतं.

दुसरं वर्ष मी फक्त समितीच्या बैठकीला बसले, मागच्या बाजूला, चटईवर. वर्गणी जमायला चार महिने लागले. त्या काळात दोनदा बैठक ठरली आणि गावात मयत झाल्यामुळे मोडली. पहिल्यांदा मी चिडले. दुसऱ्यांदा थोडं पीठ घेऊन मयताच्या घरी गेले आणि बायकांबरोबर जमिनीवर बसून रात्र काढली. कुणी काही बोललं नाही. पुढच्या बैठकीत माझी चटई पुढे ओढली गेली.

सोबत चांगली विजेरी घे, आणि घरच्यांचे छापील फोटो. आई-वडील, भावंडं, सगळ्यांबद्दल विचारतील.

पोचलीस की लिही. पंप मेंडर कुठल्या गावचा, आणि त्याच्या मुलांची नावं काय, तेही कळव.

तुझी,
मावशी