स्टड पुन्हा पुन्हा का तुटतो?

प्रश्न : आमचा दहाचाकी टिप्पर संगमनेरजवळच्या खडी क्रशरवर चालतो. पावसाळ्यापासून मागच्या डाव्या जोडचाकाचे स्टड (चाकाचे नट ज्यांवर बसतात ते बोल्ट) तुटायला लागलेत. नवे टाकले की महिनाभर बरं चालतं, मग परत तेच. दुकानदार म्हणतो, 10.9 दर्जाचे काढा आणि 12.9 चे टाका, पुन्हा बघायला नको. टाकू का? – टिप्परमालक, संगमनेर

उत्तर : दादा, 12.9 चे टाकू नका. तुटलेले तुकडे भंगारात दिले नसतील तर आधी ते उन्हात धरून बघा. तुटलेल्या तोंडाचा एक भाग गुळगुळीत, त्यावर कमानीसारख्या बारीक रेषा आणि उरलेला भाग खरखरीत दाणेदार दिसतोय का? तसं असेल तर तो स्टड एका दणक्यात गेलेला नाही. आधी चीर पडली, ती खेपेगणिक सरकत गेली आणि शेवटी जेवढं लोखंड शिल्लक होतं ते एखाद्या खड्ड्यात तुटलं. क्रशरवरच्या गाड्यांचे माझ्याकडे येणारे बहुतेक तुकडे असेच असतात. असा स्टड कच्चा होता म्हणून तुटत नाही, सैल राहिला म्हणून तुटतो.

गाडीचं वजन स्टड पेलतात असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात. खरं तर नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने चाकाची डिस्क ब्रेकच्या ड्रमवर दाबून धरली जाते. दोन पृष्ठभागांमधल्या त्या पकडीवर चाक चालतं. एम 22 चा, म्हणजे 22 मिलिमीटर जाडीचा, स्टड नीट आवळला तर त्यात साधारण पंधरा टनांचा ताण येतो. दहा स्टडचा मिळून दीडशे टन दाब झाला. तो असेपर्यंत डिस्क जागची हलत नाही आणि स्टडला वाकावं लागत नाही. तो गेला की चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला स्टड इकडून तिकडे वाकतो. मग 10.9 असो की 12.9, दोन्ही तुटणार.

या आकड्यांचा अर्थही सांगतो, कारण दुकानात त्यांचा नुसता रुबाब दाखवतात. 10.9 मधला 10 म्हणजे चौरस मिलिमीटरमागे सुमारे 1000 न्यूटन ओढ सोसण्याची ताकद. पुढचा 9 म्हणजे त्या ताकदीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत ताणला तरी तो सोडल्यावर मूळ लांबीवर येतो. 12.9 आणखी कडक असतो, आणि तिथेच त्याचा धोका आहे. इतक्या कडक पोलादावर झिंकचा मुलामा देताना हायड्रोजन आत शिरतो. नंतर भट्टीत तापवून तो नीट काढला नसेल तर नवाकोरा स्टड नुसत्या ताणाखाली, गाडी उभी असतानाही तडकू शकतो. खोक्यातल्या स्टडवरून हे ओळखता येत नाही. कंपनीने 10.9 दिलाय ना, मग 10.9 च घ्या. फक्त डोक्यावर आकडा आणि बनवणाऱ्याची खूण दोन्ही कोरलेली हवीत. खूण नसलेला स्टड फुकट दिला तरी घेऊ नका.

आता तुमच्या चाकात सैलपणा कुठून येतो ते शोधा. जोडचाकात ड्रम आणि दोन डिस्क, म्हणजे एकमेकांना टेकणाऱ्या जागा जास्त. मधे रंगाचा जाड थर, गंज किंवा खडीची भुकटी राहिली की गाडी चालताना ती दबून बारीक होते. थर केसाइतका जरी बसला तरी स्टडमधला ताण उतरतो, कारण स्टड मुळात ताणलेलाच इतका थोडा असतो. पावसाळ्याआधी डिस्क रंगवून घेतल्या होत्या का, हे आठवा. घेतल्या असतील तर टेकणाऱ्या जागेवरचा रंग तारेच्या ब्रशने धातूपर्यंत काढा. नटाखालून गंजाचे तांबूस ओघळ उतरलेले दिसले किंवा भोकाभोवती धातू चकाकत असला, तर ती डिस्क हलत होती हे नक्की. भोक लांबट झालं असेल तर डिस्क बाद करा.

खरेदीला जाताना न तुटलेला जुना स्टड आणि हबचा (स्टड ज्यात बसतात त्या चाकामागच्या भागाचा) नंबर सोबत न्या. तुमच्या वर्णनावरून 335 मिलिमीटरच्या वर्तुळावर दहा स्टड, एम 22 बाय 1.5 आटे (दोन आट्यांत 1.5 मिलिमीटर अंतर), असं दिसतं. पण एवढ्यावर स्टड घेऊ नका. डोक्याखाली हबमध्ये घट्ट बसणारा खाचांचा भाग असेल तर त्याचा व्यास व्हर्नियरने मोजा. बारीक आला तर नट आवळताना स्टडच फिरेल, जाड आला तर हबला चीर जाईल. फिरणाऱ्या स्टडला मागून वेल्डिंगचा टाका मारायची आपल्याकडे पद्धत पडलीय. कृपा करून ती बंद करा. त्या उष्णतेने स्टडचं पाणी उतरतं, म्हणजे त्याचा कडकपणा जातो. हबचं भोक मोठं झालं असेल तर हबच बदलावा लागेल. खर्च मोठा आहे, पण रस्त्यावर सुटलेलं जोडचाक माणूस मारतं.

नटही तितकाच महत्त्वाचा. तुमच्या डिस्कच्या भोकाची कडा सपाट असेल तर फिरत्या वॉशरचा सपाट नट हवा, वाटीसारखी खोलगट असेल तर गोल बैठकीचा. एकाचा नट दुसऱ्यात घातला की तो एका रेषेवर टेकतो आणि काही खेपांत ढिला होतो.

एक स्टड तुटला की शेजारचे दोन्ही बदला, कारण मधल्या काळात त्याचा भार त्यांनीच सोसलेला असतो. त्याच चाकाचे दोन किंवा जास्त तुटले असतील तर सगळे दहा. तुमच्या चाकाचे सगळेच काढा. शेवटची आवळणी हवेच्या गनने नको, समोरासमोरचे नट घेत, जोर मोजून देणाऱ्या टॉर्क पान्याने करा. या मापाला आकडा बहुधा 600 न्यूटन मीटरच्या आसपास असतो, पण तुमच्या गाडीच्या पुस्तकातलाच धरा. आणि 50 ते 100 किलोमीटर झाल्यावर पुन्हा पाना लावा. चालकाला हे तोंडी सांगून भागत नाही, लॉगबुकात लिहायला लावा.

प्रश्न : जिम्नीला बाहेरची अलॉय चाकं घेतली. दुकानातून मिळालेले नट हाताने तीन फेरे जातात, पुढे अडकतात. दुकानदार म्हणाला, गन लावली की बसतील. – वाचक, महाबळेश्वर

उत्तर : गन लावू देऊ नका. जिम्नीचे स्टड एम 12 बाय 1.25 आट्यांचे आहेत. तुम्हाला बहुतेक 1.5 आट्यांचे नट दिलेत, ते टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना चालतात. दिसायला दोन्ही सारखे. जबरदस्ती केली तर स्टडचे आटे जातील आणि पाना मात्र ‘घट्ट’ सांगेल.

योग्य नट आणल्यावर आणखी एक बघा. अलॉयची बैठक पत्र्याच्या चाकापेक्षा जाड असते. नट निदान स्टडच्या व्यासाइतका, म्हणजे 12 मिलिमीटर चढायला हवा. 1.25 च्या आट्यांना ते जवळजवळ दहा फेरे होतात. सहा-सातच होत असतील तर लांब स्टड टाका, आणि ते प्रेसवर बसवून घ्या.

प्रश्न : जुनी विलीज जीप दुरुस्त करतोय. उजव्या चाकांचे नट सुटले, डावे हलायला तयार नाहीत. पाईप लावून जोर केला तर स्टड तुटेल अशी भीती वाटते. – वाचक, नाशिक

उत्तर : पाईप बाजूला ठेवा आणि नट उजवीकडे फिरवून बघा. त्या जीपच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात, चालत्या गाडीत नट आपोआप सुटू नयेत म्हणून. घासून स्वच्छ केल्यावर स्टडच्या टोकावर इंग्रजी एल अक्षर सापडतं का पाहा. इतक्या वर्षांत कुणीतरी मधेच एखादा सुलटा स्टड टाकलेला असू शकतो, म्हणून गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या आणि प्रत्येक नट आधी हलक्या हाताने दोन्हीकडे फिरवून ठरवा. एकाच चाकात दोन्ही प्रकार निघाले तर पूर्ण संच एका जातीचा करून घ्या.