मोजा गिळलाय पण कुत्रा मस्त खेळतोय, थांबू का?

प्रश्न: आमचा लॅब्राडॉर १० महिन्यांचा आहे. माझ्या डोळ्यांदेखत अख्खा मोजा गिळला, मी तोंडात हात घालेपर्यंत आत गेलासुद्धा. आता मजेत खेळतोय, जेवलाय पण. घरात कोणी म्हणतं मिठाचं पाणी पाजून उलटी काढ, कोणी म्हणतं शीतून पडेल आपोआप. काय करू?

उत्तर: ताई, तुम्हाला फोनवर लगेच सांगितलंच होतं की आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे न्या, इथे लिहितेय ते बाकीच्यांसाठी.

खेळतोय, जेवतोय यावर अजिबात जाऊ नका. मोजा पोटात असतो तोवर कुत्र्याला कित्येकदा काहीच होत नाही, कधीकधी कितीतरी दिवस तो तसाच पडून राहतो आणि खरा त्रास सुरू होतो तो आतड्यात सरकून अडकल्यावर. मग उलट्या, पाणीसुद्धा पोटात टिकत नाही, जेवण बंद, पाठ वाकवून उभा राहतो, पोटाला हात लावू देत नाही, शी होत नाही नाहीतर नुसता कुंथत बसतो. अडकलेल्या जागी आतड्याचा रक्तपुरवठा थांबला की ते फाटू शकतं, म्हणून ही लक्षणं दिसायची वाट बघायची नाही. छोट्या गुळगुळीत वस्तू शीतून पडतातही, नाही असं नाही, पण थांबायचं की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्या.

आणि मिठाचं पाणी तर नकोच नको, कळकळीने सांगते. त्याने रक्तातलं सोडियम इतकं वाढू शकतं की फिट येतात, जीवही जातो. काही जण उलटीसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड (जखम धुवायचं औषध) पाजतात, त्याने पोटाचं अस्तर सोलवटतं, मांजरांना तर फारच वाईट. डॉक्टर कुत्र्याला अपोमॉर्फिनचं इंजेक्शन देऊन उलटी काढतात, ते साधारण पहिल्या दोनेक तासांत सगळ्यात चांगलं जमतं. उशीर झाला असला तरी पोटातच असेल तर एंडोस्कोपने, म्हणजे तोंडातून घातलेल्या कॅमेऱ्याच्या नळीने, न कापता काढता येतं, आतड्यात गेल्यावर मात्र बहुतेक ऑपरेशनच. निघताना त्या जोडीतला दुसरा मोजा बरोबर घ्या, म्हणजे साईज आणि कापड डॉक्टरांना कळतं, कारण एक्सरेत धातू, हाड, दगड दिसतात पण कापड, प्लॅस्टिक नीट दिसेलच असं नाही, मग सोनोग्राफी करावी लागते. भूल द्यावी लागू शकते म्हणून जाईपर्यंत काही खायला घालू नका.

टोकदार वस्तू किंवा बॅटरी असेल तर उलटी काढणं उलट घातक, वर येताना परत चिरतं नाहीतर भाजतं. बटन बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर अर्ध्या तासातसुद्धा भाजायला सुरुवात होऊ शकते. दोन किंवा जास्त लोहचुंबक गेले असतील तर ते आतड्याच्या दोन वळ्यांमधून एकमेकांना चिकटतात आणि मधली भिंत चिमटून भोक पडतं, तिथेही घाई हवी.

प्रश्न: मांजरीच्या शीच्या जागेतून दोरा लोंबतोय. ओढून काढू का?

उत्तर: नाही! जरासुद्धा ओढू नका. मांजरीची जीभ खरखरीत, काटे मागे वळलेले, त्यामुळे तोंडात आलेला दोरा तिला थुंकता येत नाही, गिळतच जाते. त्याचं एक टोक कधी जिभेखाली अडकलेलं असतं, कधी पोटात, आणि दुसरं टोक आतडं पुढे ढकलत असतं, मग नाडी ओढल्यावर नेफा गोळा होतो ना, तसं सगळं आतडं दोऱ्यावर गोळा होतं आणि ताणलेला दोरा ते आतून कापतो. बाहेरून ओढलंत तर हेच होईल, शिवाय वरच्या टोकाला सुई आहे का ते तुम्हाला कुठे माहीत! शांत असेल तर तोंड उघडून जिभेखाली नुसतं बघा, दोरा दिसला तरी हात लावू नका, डॉक्टरांना सांगा. लोंबणारं टोक ती चाटून ओढेल म्हणून गळ्यात कोन कॉलर (नरसाळ्यासारखी कॉलर) घाला, उलटी करत नसली, खात असली तरी आजच न्या.