पोराच्या भिंतीवर लोखंडी मुखवटा कुणाचा?

मागच्या अंकात रॅपवर दोन ओळी काय लिहिल्या, या महिन्यात सगळे प्रश्न तेच. ढोलकीची शाई उडाली तर काय करायचं असं विचारणारा एकजण नाही. असू दे. मी कोल्हापुरात शाहूपुरीत बारक्या खोलीत रेकॉर्डिंग करतो, वीस वर्षं झाली, भजनी मंडळापासून निवडणुकीच्या गाण्यांपर्यंत सगळं करून झालं आणि आता येणाऱ्यांत निम्मी पोरं रॅपवाली असतात, म्हणून उत्तरं द्यायचं धाडस करतोय.

प्रश्न (मंगळवार पेठेतून एक आई): पोरगा 23 चा, शिरोली एमआयडीसीत सीएनसीवर कामाला आहे. घरी आला की दार लावून पुटपुटत बसतो. भिंतीवर एका माणसाचं चित्र आहे, तोंडावर लोखंडाचा मुखवटा. विचारलं तर म्हणतो अंडरग्राउंडचा देव आहे तो. हे अंडरग्राउंड म्हणजे बेकायदेशीर काही नाही ना? आणि या माणसाचं पुढं काय झालं?

उत्तर: ताई, पहिलं म्हणजे घाबरू नका, बेकायदेशीर काही नाही. मोठी कंपनी, सिनेमा, रेडिओ यातलं कोणी पाठीशी नसताना स्वतःच लिहायचं, स्वतःच बनवायचं आणि ज्याला ऐकायचंय त्याच्यापर्यंत स्वतःच पोचवायचं, याला अंडरग्राउंड म्हणतात. आपल्या बाबूराव पेंटरांना कॅमेरा मिळेना तर त्यांनी तो कोल्हापुरातच बनवला आणि 1920 ला 'सैरंध्री' पडद्यावर आणला, ते काय वेगळं होतं?

आता तो मुखवटा. नक्कीच एमएफ डूम असणार, अमेरिकेत वाढलेला रॅपर. खरं नाव डॅनियल डुमिले, जन्म लंडनचा, 1971 चा, पण लहानपणीच न्यूयॉर्कजवळ लाँग बीचला गेला आणि तिथंच वाढला. तेव्हा मुखवटा नव्हता, नाव पण वेगळं होतं, झेव्ह लव्ह एक्स. धाकटा भाऊ सबरॉक आणि हा, दोघं केएमडी नावाच्या रॅप ग्रुपात, 1991 ला पहिला अल्बम निघाला, मोठ्या कंपनीकडून. हसरी खेळकर पोरं होती. दुसरा अल्बम संपत आला होता आणि 1993 मध्ये भावाला रस्ता ओलांडताना गाडीनं उडवलं. खेळ खलास. यानं एकट्यानं तो अल्बम पुरा केला आणि कंपनीनं काय केलं तर कव्हरवरचं चित्र वादाचं आहे म्हणून अल्बम छापायलाच नकार दिला आणि करारातनं बाहेर काढलं. कव्हरवर होतं काय, तर काळ्या माणसांची टिंगल करणारं जे जुनं कार्टून असायचं, तेच फासावर लटकवलेलं. म्हणजे टिंगलीलाच फाशी. पण ते समजून घ्यायला बसतंय कोण.

तर भाऊ गेला, काम गेलं, कंपनी गेली, आणि हे सगळं वर्षभराच्या आत. पुढची तीनचार वर्षं हा माणूस गायबच झाला. मॅनहॅटनच्या रस्त्यांवर फिरायचा, बाकड्यांवर झोपायचा, हे त्यानंच नंतर सांगितलंय.

आणि मग 1997-98 च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या एका कवी लोकांच्या कॅफेत, जिथं कोणीही उठून माईक घेऊ शकतो, तिथं एक माणूस तोंडावर बायकांचा पायमोजा ओढून रॅप करायला लागला. तो हाच. नंतर पायमोज्याच्या जागी मुखवटा आला, कॉमिक्समधल्या डॉक्टर डूम नावाच्या खलनायकासारखा. 1999 ला एका रेडिओवाल्यानं चालवलेल्या बारक्या लेबलवरून, म्हणजे रेकॉर्ड कंपनीतनं, 'ऑपरेशन डूम्सडे' हा अल्बम आला आणि तिथनं तुमच्या पोराचा देव सुरू झाला.

मुखवटा का, असं विचारलं की तो म्हणायचा, लोकांनी तोंड बघू नये, शब्द ऐकावेत. ताई, आपल्याकडं गावागावात सोंगी भजन असतं बघा, सोंग घेतलं की शेजारचा तात्या तात्या राहत नाही, तो जे बोलेल ते सोंग बोलतंय असं समजून लोक ऐकतात. तोच प्रकार. शिवाय माझं मत असं की पहिल्या वेळी ज्या तोंडाला कंपनीनं दार दाखवलं होतं ते तोंड परत बाजारात न्यायचंच नव्हतं त्याला.

2004 ला मॅडलिब नावाच्या बीटवाल्याबरोबर (बीट म्हणजे रॅपच्या मागं वाजणारा ताल आणि संगीत) त्यानं 'मॅडव्हिलनी' हा अल्बम केला. 22 तुकडे, सगळे मिळून पाऊण तासाचे, आणि बहुतेकात धृवपदच नाही, दोन मिनिटात सांगायचं ते सांगितलं की गाणं बंद. मॅडलिबनं त्यातल्या बऱ्याच बीट्स ब्राझीलच्या हॉटेलात बसून एका बारक्या सॅम्पलरवर (जुन्या गाण्यांचे तुकडे कापून वाजवायचं यंत्र) आणि तिथं विकत घेतलेल्या जुन्या रेकॉर्डवरून केल्या होत्या. वर त्याचा कच्चा डेमो वर्षभर आधीच इंटरनेटवर फुटला. तरी अल्बम चालला, आणि आज वीस वर्षांनी मंगळवार पेठेत भिंतीवर आहे म्हणजे किती चालला बघा.

शेवट मात्र चांगला नाही. जन्म लंडनचा आणि अमेरिकेचं नागरिकत्व कधी घेतलंच नव्हतं, त्यामुळं 2010 मध्ये युरोपातला दौरा संपवून परत निघाला तर अमेरिकेनं आत घेतलंच नाही, आयुष्य तिथं गेलेलं असताना. मग इंग्लंडलाच राहिला. 31 ऑक्टोबर 2020 ला लीड्समध्ये वारला, 49 व्या वर्षी, आणि घरच्यांनी जगाला कळवलं थेट 31 डिसेंबरला. दोन महिने कुणालाच पत्ता नाही. (त्याचं आणखी एक म्हणणं असायचं, माझं नाव सगळं कॅपिटल अक्षरात लिहा. आपल्या देवनागरीत ती भानगडच नाही, आपण सुटलो.)

पोराला नोकरी सोडू देऊ नका, पण दारही ठोठावू नका. पुटपुटतोय म्हणजे ओळ तोंडात बसवतोय, आमच्याकडं येऊन तासाला पैसे देऊन पुटपुटणाऱ्यांपेक्षा शहाणा आहे.

प्रश्न (राजारामपुरी, वय 19): मी हिंदीत लिहितो. कोल्हापुरीत लिहिलं की मित्र हसतात, म्हणतात कॉमेडी वाटतंय. काय करू? आणि 16 बार म्हणजे नक्की किती?

उत्तर: भावा, आधी हिशोब. एक बार म्हणजे चार ठोके, सोळा बार म्हणजे चौसष्ट. बीट 90 बीपीएमची, म्हणजे मिनिटाला 90 ठोक्यांची असेल तर साधारण 43 सेकंद. इतक्या वेळात पहिलीपासूनचं आयुष्य सांगायला जाऊ नको, एक प्रसंग सांग.

आता भाषा. मित्र हसतात कारण सिनेमावाल्यांनी कोल्हापुरी म्हणजे मिशा, तांबडा रस्सा आणि 'नाद खुळा' एवढंच करून ठेवलंय आणि तू पण तेच लिहीत असशील. तुझ्या चार ओळी वाचल्या, त्यात पांढरा रस्सा दोनदा आहे. रस्सा काढ. घरात आई जशी बोलते, गाळ्यावर बाप कामगाराला जसा ओरडतो, तालमीत वस्ताद जसा बोलतो, ते लिही. उदाहरण म्हणून आत्ता सुचलं ते देतो, 'गंज चढला गाळ्याला, बाप बसला रंकाळ्याला'. फार थोर नाही, पण उद्यमनगरात धंदा बसलेला माणूस संध्याकाळी कुठं जाऊन बसतो हे त्यात आलं, आणि गाळ्याला-रंकाळ्याला ह्या 'ळ' ला बीटवर जो ठोका बसतो तो हिंदीत कुठनं आणणार?

एक सापळा सांगतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं त्यामुळं यमक फुकट मिळतं, करतोय फिरतोय मरतोय झुरतोय, दिवसभर चालू ठेव. नव्वद टक्के पोरं इथंच अडकतात, हा माझ्या खोलीतला अंदाज. यमक नामांवर घे, ओळीच्या मधे घे, दोन दोन तीन तीन अक्षरांचं घे. डूमचं तेच तर आहे, एका ओळीत चार ठिकाणी जुळतं आणि तरी माणूस आळसावून गप्पा मारतोय असं वाटतं.

आणि बाहेरचं ऐक पण आपलं सोडू नको. शाहीर पिराजीराव सरनाईकांचे पोवाडे ऐक, श्वास कुठं घेतलाय ते बघ. पोवाड्यात झीलकरी 'जी जी रं जी' म्हणतो ना, ते काय नुसती शोभा नाही, तेवढ्यात शाहीर दम घेतो आणि पुढची ओळ डोक्यात आणतो. रॅपवाल्यांचा हाईपमॅन मागनं शेवटचा शब्द ओरडतो तो ह्याच कामाला. कलगी-तुऱ्यात एका फडानं कोडं घालायचं आणि दुसऱ्यानं तिथंच उत्तर द्यायचं, त्याला आता बॅटल म्हणत्यात एवढंच. मुंबईच्या स्वदेसी ग्रुपमधला एमसी मवाली मराठीतही रॅप करतो, तिथं कोण हसत नाही.

प्रश्न (इचलकरंजी): यूट्यूबवरनं फ्री बीट घेऊन गाणं केलं, टाकू का? पैसे कधी मिळतील? स्टुडिओ परवडत नाही.

उत्तर: खालचं वर्णन वाच आधी. 'फ्री' म्हणजे बहुतेकदा फक्त सरावाला फ्री, कमाई केली की लायसन घ्यावं लागतं, आणि स्वस्त लायसनची तीच बीट आणखी पन्नास जणांकडं असते. त्यापेक्षा मित्राकडनं करून घे आणि कोणाचा किती टक्के ते साध्या कागदावर लिहून दोघांनी सही करा. मैत्रीत कसला कागद म्हणू नको, मैत्री टिकवायलाच कागद लागतो. तुझ्याकडं तर यंत्रमागाचा खडखडाट फुकट आहे, फोनवर रेकॉर्ड कर आणि त्याचीच बीट कर, ती मात्र दुसऱ्या कुणाकडं नसेल.

पैशाचं म्हणशील तर नोकरी धर. यूट्यूबच्या जाहिरातीतनं पैसे यायला 1000 सबस्क्रायबर आणि वर्षात 4000 तास बघितलं गेलेलं लागतं, किंवा 90 दिवसात शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज. स्पॉटिफायवर 2024 पासून वर्षात 1000 वेळा न वाजलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही. पण कुणी कंपनीवाला करार घेऊन आला तर एवढं लक्षात ठेव, 2012 च्या कायद्यातल्या बदलानंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला (गाणं वापरलं की मिळणाऱ्या पैशातला) वाटा कंपनीला लिहून देताच येत नाही, फक्त वारसाला किंवा कॉपीराईट सोसायटीला देता येतो. आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणारी सोसायटी 1969 पासून आहे, तिथं सभासद हो. मी स्वतः 2009 ला एका कंपनीच्या करारावर न वाचता सही केली, पाच हजार रुपये आणि पेढ्यांचा बॉक्स मिळाला, ते गाणं अजून लग्नात वाजतं आणि मी जेवायच्या रांगेत उभा राहून ऐकतो.

स्टुडिओचं सोड. मुंबईच्या नेझीनं 2014 मध्ये 'आफत' आयपॅडवर केलं, गाणं पण आणि व्हिडिओ पण. कपाटाचं दार उघडायचं, मागं गादी उभी करायची, पंखा बंद, कुकरची शिट्टी होऊन गेली की घ्यायचं रेकॉर्ड.

प्रश्न (निवृत्त शिक्षक, कागल): हे गाणं कसं म्हणायचं? नुसतं बोलणं आणि शिव्या.

उत्तर: सर, बोलणंच आहे, बरोबर ओळखलंत. 11 ऑगस्ट 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये डीजे कूल हर्कनं बहिणीच्या पार्टीत गाण्यातला नुसता तालाचा तुकडा, ज्याला लोक नाचतात तेवढाच, दोन रेकॉर्ड घेऊन परत परत वाजवला. असल्या लांबवलेल्या तुकड्यावर बोलायला सुरुवात झाली आणि त्याचंच पुढं रॅप झालं. लावणीत ढोलकीवाल्याचा तुकडा रंगला की आपण 'परत एकदा' ओरडतो, तसंच समजा. शिव्यांबद्दल तुमच्याशी सहमत, निम्म्या शिव्या शब्द न सुचल्यामुळं असतात. पण उरलेल्या निम्म्या ऐका एकदा.

प्रश्न (शिवाजी पेठ): गणपतीत मंडळासमोर डूमसारखा मास्क लावून परफॉर्म करायचं ठरवलंय. चालेल का?

उत्तर: चालेल की. फक्त डूमची एक खोड घेऊ नको, तो कधी कधी स्वतःच्या शोला मुखवटा घालून दुसऱ्यालाच पाठवायचा. लोक चिडले तर म्हणायचा मी लेखक आहे, पात्र कुणाला द्यायचं ते मी ठरवणार. अमेरिकेत त्याच्यावर नुसती हुर्यो झाली, पेठेत तसलं केलंस तर सुपारी परत द्यावी लागेल आणि शिवाय जेवण नाही. आणि मास्कला नाका-तोंडापुढं मोठी फट ठेव, एकदा आत घालून आख्खे सोळा बार म्हणून बघ, कारण आवाज आतल्या आत घुमतो आणि त्यात जनरेटरचा धूर असणार. माईक मंडळाचा असेल तर वायर आधी तपास.