शेतीचं उत्पन्न ‘करमुक्त’ म्हणजे नक्की काय?

या पंधरवड्यातली निम्मी पत्रं शेतीउत्पन्नाचीच. त्यामुळे त्यावरचं उत्तर जरा मोठं झालं आहे.

प्रश्न (परतूर): वर्षाला जेमतेम 3 लाख मिळतात. आपण कर भरतच नाही, असं मुलगा म्हणतो. खरं का?

उत्तर: आयकर भरत नाही, एवढंच खरं. डिझेल, सिमेंट, घरपट्टी यांतला कर कोण भरतं, ते त्याला विचारा.

प्रश्न (हिंगोली): पगारातून व्यवसाय कराचे दरमहा 200 जातात, मग फेब्रुवारीत 300 का?

उत्तर: बेरीज 2,500 व्हावी म्हणून. व्यवसाय कराला राज्यघटनेनेच वर्षाची तेवढी कमाल मर्यादा घातली आहे. महाराष्ट्राचा 1975 चा व्यवसाय कराचा कायदा रोजगार हमीच्या कामांना पैसा उभा करायला आला.

प्रश्न (लातूर): दुकानाचा नफा 13 लाख, शेतीचे 4 लाख. शेती विवरणपत्रात दाखवायची नसते, असं सगळेच सांगतात.

उत्तर: हे ‘सगळे’ नोटीस आली की फोन उचलत नाहीत. शेतीवर थेट कर नाही. पण ते उत्पन्न 5,000 च्या वर आणि बाकीचं मूळ सवलतीच्या (जिच्यापर्यंत करच लागत नाही त्या रकमेच्या) वर असेल, तर कराचा दर ठरवताना शेतीही मिळवतात. 2025-26 ला नव्या करप्रणालीत 17 लाखांवर कर 1,40,000. शेतीचे 4 लाख अधिक मूळ सवलत 4 लाख, अशा 8 लाखांवरचे 20,000 वजा करा. राहिले 1,20,000. पण दुकानाचं उत्पन्न 12 लाखांच्या वर एकच लाख आहे, म्हणून सीमांत सवलतीने (मार्जिनल रिलीफ) कर 1,00,000 वर थांबतो. शेती दडवली तर 75,000 च येतात. फरक 25,000, शिवाय 4 टक्के उपकर.

उलटा उद्योगही जोरात आहे. काही एजंट टक्केवारी घेऊन दुकानाचा नफा सोयाबीनच्या नावावर घालतात. पाच एकर कोरडवाहू, एकरी आठ क्विंटल, 2025-26 चा 5,328 हमीभाव: खर्च न काढताही 2,13,120. तिथे बारा लाख दाखवले तर कोण मानेल? दूध आणि भाड्याचा ट्रॅक्टर तर शेतीउत्पन्नात बसतच नाहीत. उत्पन्न जाणूनबुजून चुकीचं दाखवल्यास बुडवलेल्या कराच्या 200 टक्के दंड आहे, आणि तो एजंटला नाही, तुम्हाला. सातबारा, ई-पीक पाहणी, आडतीच्या पट्ट्या, खत-बियाण्यांची बिलं घेऊन सीएकडे जा. विवरणपत्राच्या मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात नको.

प्रश्न (अंबाजोगाई): बिलावर ‘कंपोझिशन’ छापलंय, तरी दुकानदाराने 18 टक्के जीएसटी वेगळा लावला.

उत्तर: लावता येत नाही. कंपोझिशन ही छोट्या व्यापाऱ्यांसाठी जीएसटीची सोपी योजना. तीतल्या व्यापाऱ्याने उलाढालीवरचा 1 टक्का स्वतःच्या खिशातून भरायचा असतो. मूळ बिल परत देऊ नका. तक्रारीआधी करसल्लागाराला दाखवा.