बोअरला गरम पाणी लागतं, मग त्यावर गावाची वीज होईल का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतात ५०० फुटांच्या बोअरला हिवाळ्यात गरम पाणी येतं, खाली तापलेला खडक असेल तर गावापुरती वीज करता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

भाऊ, आधी तापमान मोजा. आपल्याकडे जमिनीचं सरासरी तापमान साधारण २८ अंश, आणि खाली दर किलोमीटरला ते २५ ते ३० अंशांनी वाढतं. म्हणजे ५०० फुटांवर ३२ अंश हे नेहमीचंच. डिसेंबरच्या पहाटे हवा १० अंशांवर असते, म्हणून पाण्याच्या वाफा दिसतात. सबमर्सिबल वर काढून बोअर आठवडाभर तसाच राहू द्या. मग दोरीला तापमानाचा सेन्सर बांधून वरून खाली सोडा आणि दर १० मीटरला पाच मिनिटं थांबून आकडा लिहा. खालून वर मोजू नका, पाणी ढवळून आकडे बिघडतात. १०० मीटरला ३ अंशांऐवजी ५-६ अंश वाढ निघाली, तर भूवैज्ञानिकाला दाखवण्यासारखं आहे. उनकेश्वर, सालबर्डीसारख्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या आसपास खोलचं पाणी भेगांतून वर येतं, तिथे हे शक्य आहे.

कोरड्या गरम खडकावरच्या विजेसाठी मात्र १५० अंश तरी हवेत. नेहमीच्या वाढीने त्यासाठी चार ते पाच किलोमीटर खाली जावं लागेल. ते बोअरच्या गाडीचं काम नाही, तेलविहिरीचा रिग लागतो. एका विहिरीतून दाबाने पाणी सोडून खडकाच्या भेगा उघडतात आणि तापलेलं पाणी दुसरीतून काढतात. त्या उष्णतेने पेंटेनसारखं कमी तापमानाला उकळणारं द्रव्य उकळतं आणि टर्बाइन फिरतं. सेकंदाला ५० लिटर पाणी १५० वरून ७० अंशांवर आणलं, तर सुमारे १७ मेगावॉट उष्णता मिळते, पण वीज जेमतेम दोन मेगावॉट. पंपही त्यातूनच चालवायचे. फ्रान्समधल्या सुल्झला ५ किलोमीटर खाली जाऊनही वीज याच मापाची मिळते.

सगळ्यात जास्त घोटाळा भेगांचा. एकच भेग मोठी उघडली की सगळं पाणी तिथूनच पळतं, तेवढाच खडक थंड होतो आणि बाकीची उष्णता खालीच राहते. काही पाणी खडकात मुरतं, ते भरायला आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी कुठून आणायचं? गरम पाण्यात विरघळलेली सिलिका (वाळूतलं खनिज) नळ्यांत साचते. दाबाने भूकंपही होतात: स्वित्झर्लंडमधल्या बासेलला २००६ मध्ये ३.४ तीव्रतेचा झाला आणि प्रकल्प बंद पडला.

मे महिन्याचाही विचार करा. ४५ अंशांच्या हवेत पेंटेन नीट थंड होत नाही. १५० अंशांवर तात्त्विक कमाल कार्यक्षमता (उष्णतेतला जास्तीत जास्त किती भाग वीज होऊ शकतो) १५ अंशांच्या हवेत ३२ टक्के असते, ४५ ला ती २५ टक्क्यांवर येते. म्हणजे कूलर-पंख्यांना वीज सर्वांत जास्त लागते, तेव्हाच ती सर्वांत कमी बनते.

आयतं गरम पाणी वर येत असेल, तर गोष्ट वेगळी. तेलंगणातल्या मणुगुरूला सिंगरेनी या कोळसा कंपनीने अशा पाण्यावर २० किलोवॉटचा प्रायोगिक संच बसवलाय. पण असं पाणी नाल्यात सोडू नका. यवतमाळकडे फ्लोराइड आधीच जास्त आहे, आणि खोलच्या गरम पाण्यात ते आणखी असू शकतं. वापरलेलं पाणी परत खोल थरातच सोडायला हवं.

आकडे मिळाले की खोली आणि पाण्याची स्थिर (पंप बंद असतानाची) पातळी यांसह इथेच टाका, दर १०० मीटरची वाढ काढून देतो.