चार महिन्यांचं बाळ दिवसा वीस मिनिटांत उठतं, काय करू?

तुम्ही लिहिलंय की बाळ मांडीवर झोपतं, खाली ठेवलं की रडतं आणि वीस-पंचवीस मिनिटांत जागं होतं. या वयात ते अगदी नेहमीचं आहे. बाळाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण ३० ते ५० मिनिटांचं असतं, आणि दोन आवर्तनांच्या मध्ये ते सहज उठतं.

वेळ पकडणं सगळ्यात महत्त्वाचं. चार महिन्यांचं बाळ सलग दीड-दोन तासच जागं राहू शकतं. डोळे चोळणं, नजर दुसरीकडे वळवणं, जांभई दिसली की लगेच झोपवायला घ्या. किरकिर सुरू झाली म्हणजे उशीर झाला. अतिथकलेलं बाळ उलट जास्त झुंजतं. माझ्या लेकीला सकाळच्या मालिश-अंघोळीनंतर, दूध पिऊन, पडदे ओढून रोज तीच अंगाई म्हटली की गाढ झोप लागायची. आठवडाभर तेच केल्यावर तिला ती खूण कळली.

खाली ठेवताना आधी पाय, मग पाठ, शेवटी डोकं, आणि छातीवर थोडा वेळ हात राहू द्या.

झोपवायचं मात्र पाठीवरच, सपाट आणि घट्ट गादीवर. मोहरीची उशी, जाड दुपटी नकोत. आणि कुणी कितीही आग्रह केला तरी झोपेसाठी जायफळ उगाळून देऊ नका, कृपा करून.

बाळ फार सुस्त वाटलं, नीट दूध पीत नसेल किंवा वजन वाढत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.